आनंद आटला असताना साक्ष द्यायची कशी?

पहाटतारा (धागाकर्ती)

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज आई लवकर झोपली, म्हणून बसले.

दीड वर्षापूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तिला कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असेल तर "दार, दार" म्हणते. मला हाक मारायला जाते आणि तोंडातून तिच्या आईचं नाव येतं. मग चूक लक्षात येते आणि रडते. मी नोकरी सोडली. भाऊ पैसे पाठवतो, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण घर सोडून मला कुठेच जाता येत नाही, उपासनेलासुद्धा नाही.

याआधी बारा वर्षं मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मुलांचा वर्ग घेत होते. आजाऱ्यांना भेटायला जायचे, इस्पितळात खाटेशी बसून प्रार्थना करायचे. दुःखात असलेल्या माणसाशी प्रभूविषयी बोलायचं, साक्ष द्यायची, याचसाठी आपल्याला बोलावलंय असं अगदी आतून वाटायचं. घरी येताना पाय दुखत असायचे आणि मन भरलेलं असायचं. आता मी त्याच खाटेच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि माझ्यापाशी बोलायला शब्दच नाहीत. आईची वाचा आजाराने गेली. माझी कशाने गेली, कळत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुझा देवावर एवढा विश्वास, मग तुमच्याच घरात हे असं का गं?" पूर्वीची मी असते तर उत्तर तयार होतं. या वेळी मी फक्त "माहीत नाही काकू" म्हटलं आणि चादरी वाळत घालायला निघून गेले. रात्रभर ते टोचत राहिलं. येशूचा शिष्य पेत्र याने अंगणात त्याची ओळखच नाकारली, तसंच मी केलं का?

प्रेषित पौल फिलिप्पैकरांस पत्रात म्हणतो, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. आनंद नसताना मी साक्ष दिली तर ते ढोंग नाही का? आणि साक्षच देत नसेन तर मी कशासाठी आहे? ज्यांनी असं काही काढलंय त्यांनी लिहावं, ही विनंती.

---

मोहरीचा दाणा

ताई, वाचून वाईट वाटलं, पण खचू नका. देव आपल्या शक्तीपलीकडे परीक्षा येऊ देत नाही, असं वचनच आहे. त्याने तुम्हाला निवडलंय म्हणजे तुम्ही हे पेलू शकता. सकाळी उठल्याबरोबर स्तुती सुरू करा. आनंद आपोआप मागून येईल. तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहे.

---

निःशब्द

दाणा, तुम्ही मनापासून लिहिलंय यात मला शंका नाही. पण हेच वाक्य मला सहा वर्षांपूर्वी किमान वीस जणांनी ऐकवलं होतं. आमचं बाळ गेलं त्या आठवड्यात.

तुम्ही म्हणता ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. मागची-पुढची वचनं वाचा, तिथे विषय मोहाचा आणि मूर्तिपूजेचा आहे. पापाच्या मोहात देव सुटकेची वाट ठेवतो, असं पौल सांगतोय. दुःख किती पेलवेल याबद्दल तो तिथे बोलत नाही. त्याबद्दल तो त्याच मंडळीला दुसऱ्या पत्राच्या अगदी पहिल्या अध्यायात बोलतो, आणि तिथे उलटं म्हणतो. आसिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याची आशाही सुटली होती. प्रेषित स्वतः म्हणतोय, पेलवत नव्हतं.

मला त्या दिवसांत कुणाचंही वचन लागलं नाही. लागली ती मंडळीतली एक म्हातारी बाई. ती चार दिवस सकाळी यायची, कोपऱ्यात बसायची आणि बाळासाठी आणलेले छोटे कपडे एकेक करून घडी घालून पेटीत ठेवायची. ते काम माझ्या हातून होणार नाही हे तिला कसं कळलं, देव जाणे. चार दिवसांत ती माझ्याशी दहा वाक्यं बोलली नसेल. मी आजही विश्वासात आहे त्याला ती कारण आहे.

पहाटतारा, तुम्ही "माहीत नाही" म्हणालात, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. त्या वीस जणांपैकी एकानेही मला "माहीत नाही" म्हटलं नव्हतं.

---

मोहरीचा दाणा

निःशब्द, तुमचं बरोबर आहे. मी ते वचन मागचं-पुढचं न बघता वापरत आलो. ताई, क्षमा करा. पुन्हा वाचून मग लिहितो.

---

वाटसरू

मी कोणत्याच मंडळीत जात नाही, इथे अधूनमधून वाचतो. राहवत नाही म्हणून लिहितो, आगाऊपणा वाटला तर सांगा.

माझ्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ तुमच्या विश्वासाचे होते. त्यांची पत्नी दोन वर्षं आजारी होती. ते कधी मला काही शिकवायला आले नाहीत. एकदा मीच विचारलं, "तुम्हाला देवाचा राग येत नाही?" ते म्हणाले, "येतो. त्यालाच सांगतो." त्या तीन शब्दांवर मी किती विचार केलाय! ज्याच्यावर रागावता येतं असा देव मला तोवर माहीतच नव्हता. तुम्ही ज्याला साक्ष म्हणता ती कदाचित अशीही असेल.

एक मात्र विचारायचंय. दुसऱ्याला सांगितलंच पाहिजे असं तुम्हा लोकांना का वाटतं? ज्याचा विश्वास त्याच्यापाशी, असं का नाही?

---

जुना पाळक

पहाटतारा, लेकी, चाळीस वर्षं पाळकपण केलं, आता निवृत्त आहे. तुझं लिहिणं काल दोनदा वाचलं.

आधी पेत्राचं. तो म्हणाला, "मी त्या माणसाला ओळखत नाही." तू म्हणालीस, "याचं कारण मला माहीत नाही." या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबालाही आपल्या दुःखाचं कारण माहीत नव्हतं. शेवटी देवाने ठपका ठेवला तो कारणं सांगणाऱ्या मित्रांवर.

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळा काढ. फिलिप्पैची बंदिशाळा. तू मुलांना तो कितीदा शिकवला असशील. मीही शिकवला आणि दरवेळी एकाच पद्धतीने: पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री गायले, भूमिकंप झाला, दारं उघडली, बंदिशाळेचा नायक, म्हणजे तिथला मुख्य पहारेकरी, विश्वासात आला. तात्पर्य काय, तर गा म्हणजे दारं उघडतील. हे मी व्यासपीठावरून कितीतरी वर्षं सांगितलं.

मग माझी पत्नी शेवटचं एक वर्ष अंथरुणावर होती. तिच्या उशाशी बसून हाच अध्याय वाचताना सत्ताविसाव्या वचनातल्या एका शब्दाशी अडखळलो. नायक "जागा" झाला. म्हणजे तो झोपला होता! ज्याच्या तारणाची ही गोष्ट, त्याने ते गाणं ऐकलंच नव्हतं. ऐकत होते ते बाकीचे कैदी, पंचविसाव्या वचनात तसं लिहिलंय. आणि ते दोघं तरी कुणाला ऐकवायला गात होते? पाठीवर छड्यांचे वळ, पाय खोड्यात. अशा रात्री माणूस देवाशी बोलतो. कोण ऐकतंय याचा हिशोब तिथे नसतो.

मग बघ काय झालं. नायकाला दारं उघडी दिसली. कैदी पळाले तर पहारेकऱ्याचा जीव जायचा. बाराव्या अध्यायात हेरोद राजाने पेत्राच्या पहारेकऱ्यांचं तेच केलं होतं. म्हणून त्याने तलवार उपसली ती स्वतःवर. आणि आतल्या अंधारातून पौल ओरडला: स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत.

त्या माणसाच्या कानावर पडलेली पहिली सुवार्ता ही. "आम्ही इथेच आहोत." निघून जाता येत होतं आणि गेलो नाही. त्यानंतर थरथरत दिवा घेऊन आत आला तो नायक, आणि प्रश्न विचारला तोही नायकाने. पौलाने त्याला शिकवलं ते त्याच्या प्रश्नानंतर.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याच रात्री, त्याच घटकेला नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या. म्हणजे पौल त्याला प्रभूविषयी सांगत होता तेव्हा पाठीवरचं रक्त अजून वाळायचं होतं. बरा होऊन, अंघोळ करून, नवे कपडे घालून तो साक्ष द्यायला बसला नव्हता. ऐकणाऱ्यानेच सांगणाऱ्याच्या जखमा धुतल्या.

तू विचारतेस मी कशासाठी आहे. दीड वर्ष तू निघून गेली नाहीस. काकूंना ते रोज दिसतंय. त्यांचा प्रश्न टोचायला विचारलेला नसावा असं मला वाटतं. बंदिशाळेतला प्रश्नही घाबरलेल्या माणसाने विचारला होता. काकूंना कशाची भीती वाटतेय, हे कधी तरी सवडीने विचार.

वाटसरू, तुम्ही आगाऊपणा केला नाहीत. उलट बरं झालं. येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे. लोकांना टाळून भर दुपारी विहिरीवर येणारी बाई घागर तिथेच टाकून गावात पळाली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. आणि तिने काय सांगितलं? "या, बघा, हाच ख्रिस्त असेल काय?" म्हणजे तिची साक्षही एक प्रश्नच होता. तहानलेल्याला पाणी सापडलं की तो गप्प बसत नाही, एवढंच आहे ते. मात्र ज्याला तहान नाही त्याच्या तोंडाला घागर लावणं हे पाप आहे, आणि आमच्यातल्या काहींनी ते केलंय हे मी मान्य करतो. पेत्र सांगतो की विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आम्ही पहिला भाग पाठ करतो आणि दुसरा विसरतो.

---

रात्रपाळी

पहाटतारा, मी परिचारिका आहे, मेंदूविकाराच्या वॉर्डात चौदा वर्षं. विश्वासाबद्दल पाळकसाहेबांसारखं मला लिहिता येणार नाही, पण आईंबद्दल एक सांगते.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं, म्हणून शरीराची उजवी बाजू आणि वाचा अनेकदा एकदमच जातात. बुद्धी शाबूत असते. पण सूर, लय आणि लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टी यांत उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. स्वतःचं नाव सांगता न येणारा माणूस अख्खं कडवं गातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. याच निरीक्षणावरून १९७३ मध्ये अमेरिकेत एक उपचारपद्धत मांडली गेली, मेलोडिक इंटोनेशन थेरपी. रोजची छोटी वाक्यं सुरात म्हणायला शिकवायची आणि रुग्णाच्या डाव्या हातावर ठेका धरायचा, मग हळूहळू सूर कमी करत बोलण्याकडे यायचं. सगळ्यांना सारखा फायदा होत नाही, त्यामुळे आशा बेताने ठेवा आणि वाचाउपचार करणाऱ्या तज्ज्ञांना जरूर विचारा.

पण गायला कुणाची परवानगी लागत नाही. आईंना सगळ्यात जुनं, सगळ्यात ओळखीचं गीत कोणतं ते आठवा. डावा हात हातात घ्या, हलकेच ठेका धरा, सावकाश गा आणि ओळीचा शेवटचा शब्द गाळा. थांबा. मनात दहापर्यंत मोजा. घाई करून तो शब्द तुम्ही म्हणू नका. नातेवाईक नेहमी इथेच चुकतात, कारण ती शांतता सोसत नाही.

आणि तुम्ही झोपा. एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला आधी खाऊ घातलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. त्याच्याशी बोलणं झालं ते नंतर, डोंगरावर. आठवड्यातली एक दुपार तरी मंडळीतल्या कुणाला आईंपाशी बसवा आणि त्या वेळात काहीही करू नका. मागायला संकोच वाटत असेल तर भावाला मागायला सांगा. वॉर्डात मी बघते, रुग्णाच्या आधी सांभाळणारा कोसळतो.

---

पानगळ

मला मंडळीच्या इतिहासाची आवड आहे, त्या बाजूने थोडं. अशा धाग्यांवर मिशनऱ्यांची उदाहरणं येतात आणि ती अर्धीच सांगितली जातात याची मला फार चीड आहे.

विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला. पुढच्याच वर्षी त्याचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. पहिला बाप्तिस्मा द्यायला १८०० चा डिसेंबर उजाडावा लागला, म्हणजे सात वर्षं. १८१२ च्या मार्चमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली आणि भाषांतरांची हस्तलिखितं राख झाली, तरी तो पुन्हा कामाला बसला. इथपर्यंत सगळे सांगतात. त्याची पत्नी डॉरथी हिला मुळात यायचंच नव्हतं, मुलगा गेल्यावर तिचं मन जे ढासळलं ते १८०७ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत सावरलं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. केरीच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण तिचं दुःख वगळून "संकटातही आनंद" अशी गोष्ट रंगवणं खरं नाही, आणि जे खरं नाही त्याने प्रभूचा गौरव होत नाही.

अडोनिराम जडसनचं बघा. १८१३ मध्ये ब्रह्मदेशात गेला, पहिला बाप्तिस्मा १८१९ मध्ये. १८२४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तुरुंगात पडला. सुटून आला, तोच १८२६ मध्ये पत्नी ॲन गेली आणि सहा महिन्यांनी तान्ही मुलगी. त्यानंतर तो रानात झोपडी बांधून एकटा राहिला. स्वतःसाठी कबर खणली आणि तिच्या काठाशी बसून राहायचा. हाच माणूस १८३४ मध्ये बर्मी बायबलचं भाषांतर पुरं करतो. कबरीच्या काठावर बसलेल्या त्या दिवसांत त्याला कुणी "आनंद कर" म्हटलं असतं तर काय झालं असतं? मला वाटतं, त्या दिवसांत देवाने त्याला नुसतं बसू दिलं.

आपल्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. कामाची सगळी भिस्त जिच्यावर ठेवायची, तीच. मूळ इब्री आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणायचं काम त्या वेळी रमाबाईंच्या हातात होतं. ते त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

या माणसांना सतत आनंद होत होता असं मला वाटत नाही. पण धरलेलं बोट त्यांनी सोडलं नाही, किंवा त्या बोटाने त्यांना सोडलं नाही.

---

मोहरीचा दाणा

म्हटल्याप्रमाणे पुन्हा वाचून आलो. फिलिप्पैकरांस पत्र चार दिवसांत तीनदा वाचलं. चारच अध्याय आहेत.

आनंद आणि आनंद करणे हे शब्द त्यात मिळून सोळा वेळा येतात. मी ते नेहमी रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करायचो. या वेळी मुद्दाम दुसऱ्या रंगाने दुःखाच्या जागा अधोरेखित केल्या, आणि त्याही खूप निघाल्या. पौल बेड्यांत आहे. बाहेर काही जण हेव्याने सुवार्ता सांगताहेत, त्याच्या बेड्यांचा त्याला आणखी त्रास व्हावा म्हणून. युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींचं आपसात पटत नाही. तिसऱ्या अध्यायात तो रडत रडत लिहितोय असं स्वतःच सांगतो.

आणि एपफ्रदीत! या माणसाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मंडळीने त्याला पौलाची सेवा करायला पाठवलं आणि तो तिथे जाऊन मरणाच्या दारात पोचला. मदतीला गेलेला माणूसच अंथरुणाला खिळला. आपल्या आजाराची बातमी घरी कळली म्हणून तो कासावीस होता. ताई, "माझा आता काय उपयोग" हे त्यालाही वाटलं असेल. पौल त्याला परत पाठवताना म्हणतो, त्याला आनंदाने स्वीकारा आणि अशा माणसांचा मान राखा. देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असंही लिहितो. आनंदाच्या पत्रात "दुःखावर दुःख" हे शब्द आहेत. पौलाने ते खोडले नाहीत.

चौथ्या अध्यायात तो म्हणतो, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो. म्हणजे आधी येत नव्हतं. मी तुम्हाला "आपोआप येईल" लिहिलं होतं, ते मागे घेतो.

---

पहाटतारा

तुम्ही सगळ्यांनी किती लिहिलंत. आता उत्तर देण्याइतकी ताकद नाही. निःशब्द, तुमच्या बाळासाठी आज प्रार्थना केली, म्हणजे तुमच्यासाठी. पाळकसाहेब, "जागा झाला" हा शब्द मी बारा वर्षं वाचला आणि मला तो दिसला नाही.

गाऊन बघते. सांगेन.

---

पहाटतारा

तीन आठवड्यांनी लिहितेय.

पहिले चार दिवस काहीच नाही. मी गायची, शेवटचा शब्द सोडायची, आई माझ्या तोंडाकडे बघत राहायची. दहापर्यंत मोजणं किती अवघड आहे ते रात्रपाळीताईंनी लिहिलंय, तसंच. सातवर पोचेपर्यंत माझाच गळा भरून यायचा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी ओळीचा शेवटचा शब्द सोडला आणि नऊपर्यंत मोजल्यावर आईने तो म्हटला. "येशू." स्पष्ट, सुरात. मग पुढची ओळ तिने एकटीने गायली. अख्खी. लहानपणी झोपवताना ती मला हेच गायची. तिसऱ्या ओळीवर तिचा आवाज पूर्वीही थोडा चढायचा, तसाच चढला. मी ठेका धरायचं विसरले. तर तिने डाव्या हाताने माझ्या मनगटावर ठेका धरला.

बोलणं आलेलं नाही, हे सांगायला हवं. अजूनही पाणी म्हणजे "दार"च आहे. तज्ज्ञ बाई येऊन गेल्या. वेळ लागेल आणि किती जमेल ते सांगता येत नाही, असं म्हणाल्या. पण रोज संध्याकाळी आम्ही दोघी गातो. आई चूक न करता जेवढं बोलू शकते तेवढं सगळं आता स्तुतीचं आहे. मला अजून सकाळी उठावंसं वाटत नाही. दुपारी चारनंतर मात्र गाण्याची वाट बघते. याला आनंद म्हणायचं की नाही, मी ठरवलेलं नाही. रविवारी दुपारी मंडळीतल्या एक बाई येऊन बसतात, भावानेच फोन करून सांगितलं. पहिल्या रविवारी मी चार तास झोपले.

आता काकूंचं. परवा संध्याकाळी त्या दारात उभ्या होत्या, केव्हापासून ते मला कळलं नाही. गाणं संपल्यावर आत आल्या आणि आईच्या पायाशी बसल्या. मी पाळकसाहेबांचं आठवून विचारलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तुम्हाला कशाची काळजी वाटतेय का?" त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या बहिणीलाही गेल्या महिन्यात असाच झटका आला. सासरची माणसं कंटाळली आहेत आणि आता सगळं आपल्यावर येणार. "तुझ्याकडे बघते आणि वाटतं, मला नाही जमणार. म्हणून विचारलं, तुला जमतं ते कशावर."

मी खरं ते सांगितलं. मलाही जमत नाही. कित्येक रात्री मी देवाशी भांडते, काही रात्री नुसतं त्याचं नाव घेते कारण दुसरं काही सुचत नाही. पण तो निघून गेलाय असं मला एकदाही वाटलं नाही. हे म्हणताना मलाच कळलं की ते खरं आहे. लिहून काढलं असतं तर मी ते लिहिलं नसतं. तोंडाने सांगितलं तेव्हा ते मला सापडलं.

त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या पुस्तकात अशा बायकांचं काही आहे का? मला वाचायला दे." मी लगेच काही दिलं नाही, त्यांच्यावर माझं ओझं नको. बहिणीच्या खाटेची, उशांची, कूस कशी बदलायची ती माहिती आधी दिली. आज सकाळी त्यांनी पुन्हा आठवण केली.

तर विचारायचं होतं, सुरुवात कुठून करायला सांगू?

---

निःशब्द

मार्क. चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं, सोळाच अध्याय. पाचव्या अध्यायात ती बारा वर्षं आजारी असलेली बाई आहे, सगळा पैसा वैद्यांवर गेलेला आणि बरं वाटायचं सोडून जास्तच झालेलं. त्याच अध्यायात याईराची मुलगी आहे, मेलेली आणि येशूने उठवलेली. तो अध्याय मी कित्येक वर्षं उघडला नव्हता. आता वाचते.

---

जुना पाळक

मार्कच दे. आणि एकटीला वाचायला लावू नकोस. शेजारी बस. त्या थांबतील तिथे तूही थांब.

---

रात्रपाळी

काकूंना सांगा, बहिणीचा लुळ्या बाजूचा खांदा धरून कधीही उचलू नका. आणि तिची वाचा गेली असेल तर तिलाही कोणतं गाणं येत होतं ते विचारून ठेवा.

---

वाटसरू

पहिल्यांदाच विचारतोय. ते मार्क मलाही मराठीत वाचायचंय. सोपं भाषांतर कोणतं?

---

पहाटतारा

वाटसरू, पाळकसाहेब सांगतीलच, त्यांच्याकडे विचारा.

काकूंचा निरोप आला, त्या साडेसातला येतात. आईच्या उशाशी दिवा लावून ठेवलाय. आधी गाणं, मग पहिला अध्याय.